बालकाची पहिली रेघ आणि पहिला ताल

सज्जनहो, या महिन्याच्या पाठात आपण तीन ते सहा वर्षे वयाच्या बालकांचा विचार करणार आहोत. जालना जिल्ह्यात सप्ताहाच्या निमित्ताने गावोगाव फिरताना आम्हांस एक प्रश्न हमखास ऐकावा लागतो. "महाराज, पोरगं चार वर्षांचं झालं, तरी अजून त्याला अ-आ-इ गिरवता येत नाही. नुसतं भिंतीवर रेघोट्या ओढतं, नाहीतर ताट बडवीत बसतं. ह्याचं कसं व्हायचं?" आमचे उत्तर ऐकून विचारणारा जरा बावरतो. आम्ही म्हणतो, ओढू द्या रेघोट्या आणि बडवू द्या ताट. त्याचे शिक्षण सुरू झाले आहे. तुम्ही फक्त मध्ये येऊ नका.

हे बोलणे थट्टेचे नव्हे. चित्र, माती, गाणे आणि ताल ह्या लहान मुलाच्या करमणुकीच्या गोष्टी आहेत आणि अक्षर-अंक हे खरे शिक्षण, अशी समजूत आपल्यात खोल बसली आहे. ती उलटी आहे. अक्षर हे फळ आहे. रेघ आणि ताल ही त्याची मुळे आहेत. मुळांना पाणी न घालता फळ मागणारा शेतकरी आपल्या जिल्ह्यात सापडायचा नाही. मोसंबीच्या बागेला जे आपल्याला कळते, ते पोराच्या बाबतीत का कळू नये? म्हणून हा विषय थोडा विस्ताराने पाहू.

रेघोटी म्हणजे काय?

दीड-दोन वर्षांचे मूल कोळसा हाती लागला की वेडीवाकडी रेघ ओढते. तेथे त्याला काही काढायचे नसते. आपला हात हलला आणि भिंतीवर काहीतरी उमटले, ह्याचाच त्याला आनंद असतो. "मी केले म्हणून झाले" हे ज्ञान त्याला प्रथम होते, ते असे. पुढे तिसऱ्या वर्षाच्या आसपास त्या रेघोट्यांतून एक बंद वर्तुळ निघते. हा मोठा प्रसंग आहे, पण घरात त्याची दखल कोणी घेत नाही. सुरू केलेली रेघ जेथून निघाली तेथेच आणून मिळवायची, ह्याला हात, डोळा आणि मन तिघांचा मेळ लागतो. त्याच वर्तुळाला मग दोन डोळे येतात, खालून दोन रेघा निघतात आणि माणूस तयार होतो. डोक्यालाच पाय फुटलेला, पोट नसलेला माणूस! जगातल्या पुष्कळ देशांतली मुले ह्या वयात असाच माणूस काढतात, असे मुलांच्या चित्रांचा अभ्यास करणारांनी पाहिले आहे.

आपण काय करतो? हसतो. "अरे, ह्याला पोट कुठंय? हात कुठंय?" म्हणून त्याच्या हातातला खडू घेतो आणि 'नीट' माणूस काढून दाखवतो. मुलाला एवढेच कळते की आपले चुकले आणि बाबांचे बरोबर. पुढच्या वेळी ते म्हणते, "मला येत नाही, तुम्हीच काढून द्या." माउली, चार वर्षांच्या पोराच्या तोंडी "मला येत नाही" हे वाक्य आले की समजावे, काहीतरी मोडले. पोट आपोआप येणारच होते. वर्षभराने आले असते. पण मोडलेला धीर वर्षभराने येतोच असे नाही.

आणखी एक गोष्ट. ह्या वयात मनगटाची हाडे अजून पुरती तयार झालेली नसतात. बोटांना बारीक काम पेलत नाही. अशा हातात पेन्सिल देऊन चौकटीच्या वहीत अक्षरे कोंबायला लावणे म्हणजे गोऱ्ह्याला नांगराला जुंपणे. उलट, ओल्या मातीचे गोळे वळणारा, रांगोळीची चिमूट सोडणारा, भिंतीवर गेरूचे मोठे फराटे मारणारा हात आपोआप तयार होतो. आपली देवनागरी पाहा. 'व' मध्ये वर्तुळ आहे, 'ट' मध्ये अर्धवर्तुळ आहे, 'ग' मध्ये उभी रेघ आहे. ज्याने वर्षभर मनसोक्त रेघा आणि गोल काढले, त्याला अक्षरे नवी वाटत नाहीत. ओळखीची माणसे भेटावीत तशी ती भेटतात.

ताल आधी, बोल मागून

रेघेचे जे, तेच तालाचे. पाळण्यातले मूल अंगाईचा अर्थ समजून झोपत नाही. त्याला झोका समजतो, आवाजाचा चढ-उतार समजतो. आपली आजी जात्यावर बसली की मांडीवरच्या नातवाला ओवीचे शब्द कळत नसत, पण जात्याचा फेरा आणि ओवीची ओळ एकत्र येऊन थांबते, हे त्याच्या अंगात भिनत असे. गिरणी आली, जाते गेले. ते काही वाईट झाले नाही, बायकांचे कष्ट वाचले. पण जात्याबरोबर ओवीही कोपऱ्यात गेली, हे नुकसान आपण मोजले नाही.

मुक्ताईंची पालखी आषाढीला पंढरीस जाताना आपल्या जालना जिल्ह्यातून जाते. त्या वेळी रस्त्याकडेला उभी असलेली लहान पोरे पाहावीत. टाळ ऐकू आला की कोणी न सांगता त्यांचे पाय उचलतात. पावली त्यांना कोणी शिकवलेली नसते. चुकत, अडखळत, पुढच्या वारकऱ्याचे पाय बघत ती पाऊल टाकतात आणि दहा-वीस पावलांत ठेका सापडतो. सापडला की चेहरा फुलतो. शिकणे म्हणतात ते हेच. पाहिले, करून बघितले, चुकले, पुन्हा केले, जमले. ह्यात मार नाही, गुण नाहीत, पहिला-दुसरा नंबर नाही.

तालाचा अक्षरांशीही संबंध आहे. टाळीवर गाणे म्हणताना शब्दाचे तुकडे पडतात. 'क-म-ळ' ह्या तीन टाळ्या, 'पा-णी' ह्या दोन. शब्द आवाजांच्या तुकड्यांचा बनलेला असतो, हे मुलाच्या कानाला असे कळते, आणि वाचायला शिकताना नेमके हेच लागते. यमकाची गाणी म्हणणारे मूल "गाडी, माडी, साडी" मधला सारखा आवाज ओळखते. हंगेरी देशात झोल्तान कोडाय नावाचा मोठा संगीतकार होऊन गेला. मुलाचे पहिले संगीत त्याच्या मातृभाषेतल्या लोकगीतांचे असावे, असा त्याचा आग्रह होता आणि त्याच पायावर तेथले शालेय संगीतशिक्षण उभे राहिले. आपल्याकडे ओवी, पाळणा, भूपाळी, भुलाबाईची गाणी, फुगडी-झिम्मा हा ठेवा घरातच आहे. तो सोडून दुसऱ्याच्या भाषेतली न कळणारी गाणी पोपटासारखी घोकवून घेण्यात कसली प्रतिष्ठा?

एक सावधगिरी मात्र बाळगावी. मुलाचा गळा लहान असतो. थोड्याच सुरांच्या आवाक्यात ते सुखाने गाते. मोठ्यांच्या चढ्या पट्टीत, ध्वनिक्षेपकापुढे त्याला ओरडायला लावू नये. लोक टाळ्या वाजवतात, पण पोराचा घसा बसतो.

कोरा कागद

चांगदेवांनी ज्ञानोबारायांस कोरे पत्र पाठविले, ही कथा आपणा सर्वांस ठाऊक आहे. मुक्ताबाईंनी त्या कोरेपणावर थट्टा केली. पण त्या कोऱ्या कागदाला उत्तर म्हणून पासष्ट ओव्यांचे पत्र लिहिले गेले आणि ते आपण आजही वाचतो. कोरेपणा म्हणजे उणीव असे नव्हे. तेथे लिहायला जागा असते, हा अर्थ आम्ही येथे आमच्या विषयापुरता घेतो.

हल्ली मुलाला कोरा कागद कोणी देत नाही. छापील आंबा देतात आणि सांगतात, रेघेच्या आत पिवळा रंग भर. रेघेबाहेर गेले तर चूक, आंबा निळा केला तर चूक. मुलाने पाहिलेला आंबा, त्याने कैरी चोरली ते झाड, झाडाखालची आजी, ह्यांपैकी काही त्या कागदावर येत नाही, कारण जागाच ठेवलेली नाही. कित्येक अंगणवाड्यांच्या भिंती आता फळाफुलांनी, आकड्यांनी रंगविलेल्या असतात. त्यांना 'बोलक्या भिंती' म्हणतात. हेतू चांगला आहे. पण त्या भिंतीला मुलाने हात लावायचा नाही, असा नियम असेल तर भिंत बोलकी झाली आणि पोर मुके राहिले असे होते. आमची सूचना साधी आहे. खालची दोन-अडीच हात भिंत काळ्या रंगाने किंवा गेरूने सारवून मुलांसाठी मोकळी सोडावी. खडूने काढावे, ओल्या फडक्याने पुसावे, पुन्हा काढावे.

बोर्डी आणि कोसबाड

हे विचार आमच्या पदरचे नाहीत. महाराष्ट्रात ह्याचा प्रत्यक्ष प्रयोग होऊन गेला आहे. गुजरातेत भावनगरला गिजुभाई बधेका यांनी १९२० साली बालमंदिर काढले. त्यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांना पुढे वाटू लागले की, शहरातल्या बालमंदिराची महागडी साधने खेड्यातल्या गरिबाला परवडायची नाहीत. म्हणून १९४५ साली त्या समुद्रकाठच्या बोर्डी गावी गेल्या. अनुताई वाघ (१९१०–१९९२) त्यांच्या सोबतीला आल्या. वस्तीतली मुले बालवाडीत येईनात. कोणी गुरे राखी, कोणी धाकटे भावंड सांभाळी. तेव्हा ह्या दोघींनी बालवाडीच उचलून वस्तीच्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' हा शब्द त्यातून निघाला. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना देशात सुरू झाली, आणि आज गावोगाव दिसणारी अंगणवाडी तेच नाव चालवीत आहे.

साधने कोणती? शिंपले, बिया, खडे, पाने, काटक्या, माती. मोजायला तीच, रांग लावायला तीच, नक्षी काढायला तीच. १९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथे वारल्यांची वस्ती. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरू लागली. तिला कुरणशाळा म्हणत. मूल शाळेकडे येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, हा ह्या साऱ्याचा सारांश. आता सरकारी धोरणही ह्याच अंगाने बोलते. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ वर्षे हा शिक्षणाचा पायाभूत टप्पा मानला आहे, आणि २०२२ च्या पायाभूत स्तराच्या आराखड्यात खेळ, चित्र, संगीत यांना मानाचे स्थान दिले आहे. कागदावर आले, आता अंगणात यायला हवे.

आपल्या जिल्ह्याची सामग्री

कोणी म्हणेल, बोर्डीला समुद्र होता, शिंपले होते. आमच्या कोरडवाहू मुलखात काय आहे? बघा तर खरे.

भोकरदन हे केळणा नदीकाठचे गाव. प्राचीन काळी त्याचे नाव भोगवर्धन. सांचीच्या स्तूपाला दान देणारांत भोगवर्धनच्या लोकांची नावे कोरलेली आहेत. १९७३ च्या सुमारास तेथे उत्खनन झाले. सातवाहनकाळातले मणी, मातीच्या मूर्ती आणि हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा भाग सापडला. इटलीतल्या पाँपेई नगरात सापडलेल्या हस्तिदंती मूर्तीशी तिचे साम्य जाणकारांनी दाखविले आहे. सांगण्याचा मुद्दा असा की, ज्या मातीत आपली पोरे लोळतात, त्या भागात दोन हजार वर्षांपूर्वी माणसांची बोटे माती आणि हस्तिदंत घडवीत होती. तेथली मुलेही आधी चिखलच मळत असतील, नाही का?

तेव्हा मातीपासून सुरुवात करावी. पोळ्याला मुले मातीचे बैल करतात, हा आपला घरचाच कलेचा तास आहे. नुसत्या काळ्या मातीचा बैल वाळताना तडकतो. त्यात थोडी राख किंवा बारीक वाळू मिसळली तर तडे कमी जातात. हे मुलाला लगेच सांगू नये. त्याचा एक बैल तडकू द्यावा. "का रे तडकला?" असे विचारावे. दुसऱ्या खेपेला ते स्वतःच काहीतरी मिसळून बघेल. ज्वारीचे धांडे सोलून, त्याचा भेंड काढून बैलगाडी करणे हे तर आपल्या मराठवाड्यातल्या पोरांचे जुने शास्त्र. रंगाला हळद, गेरू, चुना, काजळी, निळ आणि पळसाची फुले. कुंचला हवा तर बाभळीची काडी चावून तिचा शेंडा फुलवावा. एवढ्यावर वर्ष सहज निघते.

संगीताचे म्हणाल तर अंबडचा दत्तजयंतीचा संगीतोत्सव आणि त्याच्याशी जोडलेले गोविंदराव जळगावकर यांचे नाव मराठवाड्यातल्या गाण्याच्या दर्दी लोकांना सांगायला नको. आणि गावोगाव भजनी मंडळ आहेच. आठवड्यातून एक दिवस अर्धा तास त्यातल्या एका पखवाजवाल्याने अंगणवाडीत जाऊन बसावे. शिकवू नये. वाजवावे, आणि मुलांना पखवाजावर हात ठेवू द्यावा. कातडे थरथरते ते तळहाताला कळू द्यावे.

शंका आणि समाधान

पहिली शंका: "आमच्या येथे बालसंस्कार वर्ग आहे. मुले हरिपाठ, अभंग तोंडपाठ म्हणतात. मग संगीत झालेच ना?" पाठांतराला आम्ही नावे ठेवीत नाही, आमची परंपराच त्यावर उभी आहे. पण पाठांतर म्हणजे दुसऱ्याचे जपून ठेवणे, आणि निर्मिती म्हणजे त्यात आपली भर घालणे. मुलाला दोन्ही हवे. एकनाथ महाराजांनी काय केले? वासुदेव, जोशी, गोंधळी यांची रूपे घेतली आणि त्यांतून भारूड उभे केले. तुकोबारायांनी विटीदांडू, चेंडूफळी, हमामा, फुगडी ह्या पोरांच्या खेळांवर अभंग रचले. संतांना खेळ क्षुद्र वाटला नाही. आपल्याला का वाटावा? म्हणून पाठ झालेल्या गाण्यात एक जागा मोकळी ठेवावी. "आमच्या अंगणी आला..." एवढे म्हणून थांबावे, आणि प्रत्येक पोराने आपल्या मनाचे घालावे. कोणी 'मोर' म्हणेल, कोणी 'टँकर' म्हणेल. टँकर म्हणणाऱ्यावर हसू नये. उन्हाळ्यात त्याच्या अंगणी तोच येतो.

दुसरी शंका: "शेजारचं पोर इंग्रजी शाळेत जाऊन शंभरपर्यंत म्हणतं, आमचं मागं पडंल." म्हणणे आणि समजणे ह्यांत अंतर आहे. शंभरपर्यंत घडाघडा म्हणणाऱ्या पोराला सात चिंचोके काढून दे म्हणावे, मग कळते. टाळीवर आठ मात्रा मोजणाऱ्या, मण्यांची दोन लाल-एक पांढरा अशी माळ ओवणाऱ्या मुलाच्या हातात गणित आधीच आलेले असते.

तिसरी शंका अंगणवाडीतल्या ताईंची: "आहार, वजन, नोंदी, मोबाईलवर माहिती भरणं, ह्यातून वेळ कुठला?" ही शंका खरी आहे आणि तिचे उत्तर ताईंनी एकट्यांनी द्यायचे नाही. गावाने द्यायचे आहे. एखाद्या आजीने ओवी म्हणायला, एखाद्या कुंभारदादाने माती मळायला, एखाद्या तरुण टाळकऱ्याने पावली खेळायला आठवड्यातून एकदा जावे. ही सेवा काही लहान नव्हे.

जी मुले गावात नसतात

आता ज्यासाठी हा पाठ लिहिला, ते सांगतो. आपल्या जिल्ह्यातून, विशेषतः अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा ह्या भागांतून दसरा-दिवाळीनंतर कितीतरी कुटुंबे ऊसतोडीला जातात. सहा वर्षांच्या आतली पोरे आईबापांबरोबरच जातात. त्यांना मागे कोणाजवळ ठेवणार? सक्तीच्या शिक्षणाचा २००९ चा कायदा सहा ते चौदा वयाच्या मुलांसाठी आहे. त्याखालच्या पोरांना त्या हक्काचे छत्र नाही. अंगणवाडीच्या हजेरीत नाव राहते आणि पोर फडाच्या कडेला, कोपीत किंवा बैलगाडीच्या सावलीत वाढते.

एका गावी वैशाखात परत आलेले असे एक साडेचार वर्षांचे पोर आम्ही पाहिले. कोणाशी बोलत नव्हते. ताईंनी त्याला बोलायचा आग्रह केला नाही; अंगणात बसवून खडू दिला. त्याने दोन दिवस नुसत्या उभ्या रेघा काढल्या. अंगणभर रेघा. तिसऱ्या दिवशी रेघांच्या मध्ये एक वर्तुळ काढले आणि हळूच म्हणाले, "ही मी." ती मुलगी होती. उभ्या रेघा म्हणजे ऊस. सहा महिने तिने जे पाहिले, ते शब्दांत सांगण्याइतके शब्द तिच्याजवळ नव्हते, रेघा होत्या. ताईंनी रेघा 'सुधारून' दिल्या असत्या, तर ती मुलगी आणखी किती दिवस गप्प राहिली असती कोण जाणे.

तेव्हा जाणाऱ्या कुटुंबाच्या पोराजवळ एक पिशवी द्यावी. तीत खडू, पाठकोऱ्या कागदांची शिवलेली वही, लहान टाळांची जोडी आणि पाच-सहा गाणी ठाऊक असलेले मोठे भावंड असेल तर त्याला चार समजुतीच्या गोष्टी. टोळीतल्या दहा-बारा पोरांना संध्याकाळी कोपीपुढे गोल बसवून गाणे म्हणायला साधने लागत नाहीत. ताराबाईंनी बालवाडी अंगणात नेली. आपण ती फडापर्यंत न्यावी. भजनी मंडळांनी आपल्या वार्षिक खर्चात ह्या पिशव्यांची सोय धरली तर ती एका हारतुऱ्याच्या खर्चात बसेल.

करावयाच्या गोष्टी

आता थोडक्यात आचार सांगून पाठ संपवितो. रोज अर्धा तास मुलाला माती, खडू किंवा कागद द्यावा आणि काय काढायचे ते सांगू नये. काढून झाल्यावर "हे काय आहे?" असे दरडावून विचारण्याऐवजी "मला सांग ना ह्याची गोष्ट" असे म्हणावे. चित्रावर आपला हात फिरवू नये. शेजारच्या पोराच्या चित्राशी तुलना करू नये, बक्षीस लावू नये. रोज निजताना एक गाणे आपल्या तोंडाने म्हणावे. मोबाईलमधले लावून देऊ नये. आपला आवाज बेसूर असला तरी चालेल, मुलाला तो आईचा असतो. मुलींना आणि मुलांना दोघांनाही टाळ, माती आणि रंग सारखेच द्यावेत.

ह्यातून प्रत्येक मूल चित्रकार किंवा गवई होईल असे आम्ही म्हणत नाही. पण "मला येते, मी करून बघतो" असे म्हणणारे होईल. पुढे ते शेती करो, कारखान्यात जावो, शाळा शिको, हे एक वाक्य त्याला जन्मभर पुरेल. गिरवणे पुढे आहेच. त्याला उभा जन्म पडला आहे. आज त्याला त्याची स्वतःची रेघ ओढू द्या.

रामकृष्णहरि.